वरच्या ग्रिडमध्ये ओळ बदलली की खालचं ग्रिड एक पाऊल मागे (विनफॉर्म्स, डेटाग्रिडव्ह्यू)

निळीशाई

डॉटनेट ८, विनफॉर्म्स (विंडोजसाठी फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी), मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. एका फॉर्मवर दोन डेटाग्रिडव्ह्यू (तक्त्यासारखी ग्रिड) आहेत. वर बिलं: बिलआयडी, तारीख, गिऱ्हाईक, एकूण. खाली त्या बिलातल्या वस्तू: वस्तू (कॉम्बो), नग, दर, रक्कम, करमुक्त (चेकबॉक्स). दोन्ही टेबलं एकाच डेटासेटमध्ये (मेमरीतल्या टेबलांचा संच), मधे डेटारिलेशन (बिलाला त्याच्या वस्तू जोडणारा दुवा) आहे, त्याचं नाव ‘बिल_वस्तू’.

जोडणी अशी: दोन बाइंडिंगसोर्स (डेटा आणि ग्रिड यांच्या मधला, चालू ओळ सांभाळणारा घटक), दोघांचा डेटासोर्स तोच डेटासेट, डेटामेंबर आपापलं टेबल. वरच्या ग्रिडच्या ‘रोएंटर’ इव्हेंटच्या हँडलरमध्ये (ओळीत शिरताना चालणारा कोड) ‘करंटरो’मधून बिलआयडी काढून खालच्या बाइंडिंगसोर्सच्या ‘फिल्टर’ला लावला आहे.

त्रास पाच:
१. वर बिल ७ वर क्लिक केलं तर खाली आधी निवडलेल्या बिल ४ च्या वस्तू दिसतात. परत कुठेतरी क्लिक केलं की मग ७ च्या.
२. फॉर्म उघडताना हँडलर तीनदा फायर होतो.
३. खाली नग बदलला की ‘सेलव्हॅल्यूचेंज्ड’मध्ये बेरीज करून वरच्या ‘एकूण’मध्ये लिहितो. कधी खालची नवी ओळच गायब होते, कधी ‘सेटकरंटसेलअ‍ॅड्रेसकोअर’ला रीएन्ट्रंट कॉल (पहिला संपण्याआधीच पुन्हा कॉल) झाल्याचं एक्सेप्शन येतं.
४. नवं बिल टाकून लगेच वस्तू टाकली तर फॉरेन की कन्स्ट्रेंटचं (वस्तूचं बिल टेबलात असायलाच हवं या नियमाचं) एक्सेप्शन.
५. ‘करमुक्त’वर टिक केली तरी बेरीज हलत नाही. दुसऱ्या सेलमध्ये गेलं की हलते.

तिरपीरेघ

पहिल्याचं कारण सरळ आहे. ‘रोएंटर’ फायर होतो तेव्हा ‘करंटरो’ बदललेलाच नसतो, तो अजून जुन्याच ओळीवर असतो. नवी ओळ हवी तर इव्हेंट आर्ग्युमेंटमधला ‘रोइंडेक्स’ घ्यायचा. तुम्ही ‘करंटरो’ वाचताय म्हणून कायम एक पाऊल मागे.

पण तेवढंच बदलून थांबू नका. तो हँडलर अख्खा काढून टाका. दोन ग्रिड जोडणं हे बाइंडिंगसोर्सचं काम आहे, २००५ साली डॉटनेट २.० मध्ये डेटाग्रिडव्ह्यूसोबत ते आलं तेव्हापासून ही सोय आहे.

वरचा बाइंडिंगसोर्स: डेटासोर्स = डेटासेट, डेटामेंबर = बिलांच्या टेबलाचं नाव.
खालचा बाइंडिंगसोर्स: डेटासोर्स = वरचा बाइंडिंगसोर्स, डेटामेंबर = रिलेशनचं नाव, म्हणजे ‘बिल_वस्तू’.

फिल्टर नको, रोएंटर नको, सिलेक्शनचेंज्ड नको.

निळीशाई

केलं. आता ‘डेटामेंबर ... डेटासोर्सवर सापडत नाही’ असं आर्ग्युमेंटएक्सेप्शन येतंय.

तिरपीरेघ

बहुतेक डेटामेंबरमध्ये वस्तूंच्या टेबलाचं नाव राहिलंय. तिथे रिलेशनचं नाव लागतं. ते बरोबर असेल तर क्रम बघा: रिलेशन डेटासेटमध्ये आधी जायला हवं, बाइंडिंग त्यानंतर. फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बाइंडिंग आणि लोडमध्ये रिलेशन असं असेल तर हेच होणार.

आणखी एक: दोन्हीकडच्या बिलआयडीचा प्रकार एकच हवा. एकीकडे इंट आणि दुसरीकडे स्ट्रिंग असेल तर रिलेशन बनतानाच इनव्हॅलिडकन्स्ट्रेंट एक्सेप्शन येतं. हे निदान लगेच ओरडतं तरी.

जुनाखिळा

बाइंडिंगसोर्स न वापरता थेट जोडणाऱ्यांसाठी पुरवणी, कारण जुन्या कोडमध्ये हे भरपूर दिसतं. वरच्या ग्रिडला डेटासोर्स = डेटासेट, डेटामेंबर = ‘बिलं’ आणि खालच्याला डेटासोर्स = डेटासेट, डेटामेंबर = ‘बिलं.बिल_वस्तू’ असं दिलं तरी चालतं. अट एकच: दोन्हीकडे डेटासोर्स म्हणून तीच वस्तू हवी. वरच्याला डेटासेट न देता त्यातलं टेबल थेट दिलंत, तर दोन ग्रिडना दोन वेगळे करन्सीमॅनेजर (चालू ओळ कोणती हे सांभाळणारे) मिळतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. एररही येत नाही. खालचं ग्रिड पहिल्या बिलाला चिकटून बसतं, बस.

आता दुसरा त्रास, तीनदा फायर होण्याचा. तो रोएंटर गेला की ही तक्रारही जाईल, पण ग्रिड जोडणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटते, म्हणून सांगतो. कारणं सहसा दोन असतात आणि ती वेगवेगळी तपासावी लागतात.

एक, हँडलर खरोखर दोनदा जोडलेला असतो. एकदा डिझायनरने त्याच्या फाइलमध्ये जोडलेला, एकदा तुम्ही लोडमध्ये. किंवा ‘डेटा भरा’ नावाच्या मेथडमध्ये जोडलेला आणि ती मेथड रिफ्रेशच्या प्रत्येक वेळी चालते. मग फायरिंग दोन, तीन, चार असं वाढत जातं. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये हँडलरचं नाव शोधा, अधिक-बरोबरची चिन्हं (+=, हँडलर जोडण्याचं चिन्ह) मोजा.

दोन, ग्रिड तेवढ्यांदा फायर करतंच. डेटासोर्स लावला की पहिली ओळ चालू होते, एकदा. नंतर फिल (डेटाबेसमधून टेबल भरणं) झालं की यादी रीसेट, पुन्हा एकदा. सॉर्ट लावलं की आणखी एकदा. हा बिघाड नव्हे. ग्रिडचे इव्हेंट पडद्यावर काय झालं ते सांगतात. तुम्हाला हवं आहे ‘चालू बिल बदललं का’, आणि ते विचारायची जागा ग्रिड नव्हे.

शून्यापासून

यावर साधा उपाय म्हणजे ‘भरतोय’ नावाचा बूलियन ठेवायचा, भरताना ट्रू, हँडलरच्या पहिल्याच ओळीत तो ट्रू असेल तर परत. इतकं ओढायची गरज नाही.

जुनाखिळा

भरतानापुरता चालतो. पण सिलेक्शनचेंज्डवर काम करत राहिलात तर तो एक बूलियन पुरत नाही, सॉर्टसाठी दुसरा, डिलीटसाठी तिसरा. शिवाय सिलेक्शन म्हणजे चालू ओळ नव्हे. कंट्रोल दाबून पाच ओळी निवडता येतात आणि चालू एकच असते. ‘क्लिअरसिलेक्शन’ केलं तर सिलेक्शन शून्य आणि चालू ओळ तशीच.

बाइंडिंगसोर्सकडे तीन इव्हेंट आहेत, त्यांची गल्लत होते:

‘पोझिशनचेंज्ड’ फक्त क्रमांक बदलला तर. तिसरी ओळ डिलीट झाली आणि चौथी तिच्या जागी सरकली तर पोझिशन तीच राहते, बिल मात्र वेगळं.
‘करंटचेंज्ड’ चालू वस्तू बदलली तर. वरचा डिलीटचा प्रसंगही यात येतो. तुम्हाला हवा तो बहुतेक वेळा हाच.
‘करंटआयटमचेंज्ड’ चालू वस्तू बदलली तरी आणि तिच्या आतली एखादी किंमत बदलली तरी.

तिसरा लक्षात ठेवा. तुमच्या तिसऱ्या त्रासाचं मूळ तिथे आहे.

हँडलरमध्ये ‘करंट’ नल आहे का हे आधी बघा. यादी रिकामी असताना तो नल असतो आणि रिकाम्या डेटाबेसवर पहिल्यांदा फॉर्म उघडला की तिथेच आपटतं.

निळीशाई

१ आणि २ गेले. धन्यवाद. तिसरा तसाच आहे. उलट आता खालची ओळ जास्त वेळा उडते.

तिरपीरेघ

जास्त वेळा उडणारच, कारण आता दोन्ही सोर्स खरोखर जोडलेले आहेत. काय होतं ते क्रमाने:

खाली नग बदलला → सेलव्हॅल्यूचेंज्ड → तुम्ही वरच्या ओळीत ‘एकूण’ लिहिलं → वरच्या बाइंडिंगसोर्सचा करंटआयटमचेंज्ड उठला → खालचा बाइंडिंगसोर्स नेमका तोच इव्हेंट ऐकत असतो, त्याने आपली यादी रिलेशनकडून पुन्हा मागवली → खालच्या ग्रिडला ‘यादी बदलली’ असा निरोप → ग्रिड ओळी नव्याने मांडतं. आणि हे सगळं तुम्ही त्याच ग्रिडच्या एका सेलमधून बाहेर पडत असताना. नवी ओळ अजून टेबलात पक्की झालेली नसते, म्हणून ती उडते. ग्रिड चालू सेल बदलण्याच्या अर्ध्यात असेल तर त्याला पुन्हा चालू सेल बदलायला लागतो. तेच ते रीएन्ट्रंट एक्सेप्शन.

थोडक्यात, बिलाच्या ओळीतला कुठलाही कॉलम बदलला, अगदी गिऱ्हाइकाचं नाव जरी, तरी खालची यादी पुन्हा मांडली जाते. हे गृहीत धरूनच मांडणी करायची.

माझा सल्ला: ‘एकूण’ वरच्या ओळीत लिहूच नका. ग्रिडखाली एक लेबल ठेवा. वरच्या यादीत बिलागणिक आकडा दिसायलाच हवा असेल तर तो सेव्ह करताना एकदाच लिहा.

लेबलाची बेरीज कधी करायची? वस्तूंच्या डेटाटेबलाच्या ‘रोचेंज्ड’ आणि ‘रोडिलीटेड’वर, अधिक वरच्या बाइंडिंगसोर्सच्या करंटचेंज्डवर. ग्रिडच्या एकाही इव्हेंटवर नाही. रोचेंज्डमध्ये ‘अ‍ॅक्शन’ तपासा: अ‍ॅड आणि चेंज हवेत, कमिट नको, नाहीतर सेव्हनंतर अ‍ॅक्सेप्टचेंजेस झालं की प्रत्येक ओळीमागे बेरीज चालेल. रोचेंज्ड ओळ पक्की झाल्यावर उठतो. प्रत्येक सेलला बेरीज हवी असेल तर टेबलाचा ‘कॉलमचेंज्ड’ आहे, तो ओळ पक्की होण्याआधीही उठतो; पण तेव्हा नवी ओळ अजून टेबलात नसते, ती बेरजेत आपल्या हाताने धरावी लागते.

ओळीतली ‘रक्कम’ हातानं काढू नका. त्या कॉलमला एक्स्प्रेशन द्या: नग * दर. कॉलमचा प्रकार डेसिमल ठेवा, डबल नको. पैशांच्या बेरजेत डबल शेवटी एखाद्या पैशानं चावतं.

शून्यापासून

‘एकूण’ वरच्या ग्रिडमध्येच, टाइप करता करता दिसायला हवं असा हट्ट असेल तर? गिऱ्हाईक लोकांना असलं काहीतरी हवंच असतं.

तिरपीरेघ

तर मग सेलव्हॅल्यूचेंज्डमध्ये न लिहिता खालच्या ग्रिडच्या ‘रोव्हॅलिडेटेड’मध्ये लिहा, आणि तेही थेट नाही, ‘बिगिनइन्व्होक’मधून. म्हणजे ग्रिडचं चालू काम संपेल, मग संदेशांच्या रांगेतून तुमचं लिहिणं होईल. लिहिण्याआधी जुना आकडा आणि नवा आकडा ताडून बघा. सारखे असतील तर लिहू नका, म्हणजे विनाकारण यादी पुन्हा मांडली जाणार नाही.

बेरीज ‘कम्प्यूट’ने काढत असाल तर जपून. बिलाला एकही वस्तू नसेल तर उत्तर शून्य येत नाही, डीबीनल (डेटाबेसची रिकामी किंमत) येतं, आणि डेसिमलमध्ये बदलताना फुटतं.

जुनाखिळा

एक सूक्ष्म जागा. वरच्या करंटचेंज्डमध्ये खालच्या बाइंडिंगसोर्समधून ओळी वाचू नका. तुमचा हँडलर आधी चालेल की खालच्या सोर्सचं ताजं होणं आधी, यावर भिस्त ठेवता येत नाही. तुमचा आधी चालला तर बेरीज मागच्या बिलाची निघते, म्हणजे फिरून पहिलाच त्रास नव्या वेषात. चालू बिलाच्या डेटारोकडूनच ‘गेटचाइल्डरोज’ने वस्तू मागा.

कोकणमेवा

चौथा त्रास कुणी घेतला नाही अजून, तो घेतो.

नवं बिल ग्रिडमध्ये टाइप केलं तरी ती ओळ ‘डिटॅच्ड’ असते, टेबलात गेलेली नसते. फोकस खालच्या ग्रिडवर गेला की सेलमधली किंमत ओळीत उतरते, पण ओळ टेबलात जात नाही. त्यासाठी ग्रिडमध्ये दुसऱ्या ओळीवर जावं लागतं किंवा ‘एंडएडिट’ बोलवावं लागतं. मग वस्तूची ओळ पक्की होताना तिला आईबापच सापडत नाहीत: ‘चाइल्ड की व्हॅल्यूज (-१) पॅरेंट टेबलात असायला हव्यात’ अशा अर्थाचं एक्सेप्शन.

उपाय: खालच्या ग्रिडच्या ‘एंटर’ इव्हेंटमध्ये वरच्या बाइंडिंगसोर्सवर एंडएडिट. वरच्या ग्रिडचे लीव्ह, व्हॅलिडेटिंग, व्हॅलिडेटेड हे तिघं खालच्याच्या एंटरआधी होऊन गेलेले असतात, त्यामुळे किंमत उतरलेली असते. ‘गिऱ्हाईक’ रिकामं चालत नसेल तर एंडएडिट इथेच नोनलअलाउडएक्सेप्शन देईल. ते पकडा, निरोप दाखवा, फोकस वर परत न्या. वरची यादी पूर्ण रिकामी असेल तर खालचं ग्रिड ‘इनेबल्ड = फॉल्स’ करून ठेवा.

आणि खालच्या ‘डिफॉल्टव्हॅल्यूजनीडेड’मध्ये बिलआयडी भरायचा कोड असेल तर काढा. रिलेशनवरून आलेली यादी नव्या ओळीत तो आपोआप भरते.

निळीशाई

माझा बिलआयडी डेटाबेसमध्ये आयडेंटिटी आहे, म्हणजे क्रमांक डेटाबेसच देतो. सेव्ह होईपर्यंत खरा क्रमांक नसतोच. मग -१ कुठून?

कोकणमेवा

ते तुम्हाला ठरवायचं आहे. डेटासेटमध्ये बिलआयडीला ऑटोइन्क्रिमेंट, सीड -१, स्टेप -१. म्हणजे तात्पुरते क्रमांक -१, -२, -३ असे जातात आणि डेटाबेसमधल्या खऱ्या क्रमांकांशी कधी भिडत नाहीत. सीड १ ठेवलंत तर दोन माणसं एकाच वेळी काम करताना हमखास गोंधळ.

खरा क्रमांक परत यायला इन्सर्टच्या त्याच कमांडमध्ये मागोमाग ‘स्कोप_आयडेंटिटी’ने ती ओळ सिलेक्ट करून आणा. त्यानंतर वस्तूंच्या ओळींमध्ये -१ च्या जागी खरा क्रमांक जाण्यासाठी फॉरेन की कन्स्ट्रेंटचा ‘अपडेटरूल’ कॅस्केड (बिलातला बदल वस्तूंपर्यंत आपोआप नेणारा) हवा. कोडमधून बनवलेल्या कन्स्ट्रेंटमध्ये तो मुळात कॅस्केडच असतो. डेटासेट डिझायनरमध्ये मात्र ‘रिलेशन ओन्ली’ असेल तर कन्स्ट्रेंटच बनत नाही आणि कॅस्केडही नाही. तिथे ‘बोथ’वाला पर्याय निवडा.

सेव्हचा क्रम: आधी डिलीट झालेल्या वस्तू, मग बिलांचं सगळं, मग नव्या आणि बदललेल्या वस्तू. टेबलअ‍ॅडॅप्टरमॅनेजर वापरत असाल तर ‘अपडेटऑल’ क्रम स्वतः सांभाळतो.

सेव्ह बटणाची एक गंमत. डिझायनर जो कोड लिहून देतो त्यात व्हॅलिडेट, मग पहिल्या टेबलाच्या बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट, मग अपडेटऑल. दुसऱ्या टेबलाचं एंडएडिट तो लिहीत नाही. टूलस्ट्रिपवरचं बटण फोकस घेत नाही, त्यामुळे खालच्या ग्रिडमधली शेवटची ओळ सेव्हच होत नाही आणि माणूस डेटाबेसवर संशय घेत बसतो. व्हॅलिडेट, खालच्याचं एंडएडिट, वरच्याचं एंडएडिट, मग अपडेट.

निळीशाई

खालच्याचं आधी? आत्ताच तर बिल आधी पक्कं हवं म्हणालात.

कोकणमेवा

बिल खालच्याच्या एंटरमध्येच पक्कं झालेलं असतं ना. त्यानंतर सेव्हच्या वेळी वरच्याचं एंडएडिट आधी केलं आणि वर काही बदल अडकलेला असला, तर खालची यादी पुन्हा मांडली जाते, तीही खालची ओळ अर्धवट असताना. म्हणून खालची आधी मिटवायची.

तिरपीरेघ

पाचवा: चेकबॉक्स आणि कॉम्बो या दोघांची किंमत सेल सोडेपर्यंत उतरत नाही, म्हणून सेलव्हॅल्यूचेंज्ड उशिरा येतो. ग्रिडच्या ‘करंटसेलडर्टीस्टेटचेंज्ड’मध्ये, ‘इजकरंटसेलडर्टी’ असेल आणि चालू कॉलम चेकबॉक्स किंवा कॉम्बो असेल, तर ‘कमिटएडिट’ बोलवा, आर्ग्युमेंट ‘कमिट’. कॉलमची अट विसरू नका. ती नसेल तर ‘दर’मध्ये १२५ टाइप करताना पहिल्या १ लाच कमिट व्हायला लागतं. ‘सेलकंटेंटक्लिक’मध्ये किंमत वाचणं हा उपाय नाही, तिथे जुनीच मिळते.

तुमची बेरीज आता टेबलाच्या इव्हेंटवर आहे म्हणून याच्या जोडीला: कमिटएडिट किंमत ओळीपर्यंत नेतो, ओळ पक्की करत नाही. टिक केल्याक्षणी बेरीज हलायला हवी असेल तर कॉलमचेंज्ड ऐकावा लागेल.

जुनाखिळा

वस्तूचा कॉम्बो आहे म्हणून दोन गोष्टी.

‘एडिटिंगकंट्रोलशोइंग’मध्ये कॉम्बोला हँडलर जोडत असाल तर आधी वजा करा, मग जोडा. ग्रिड तोच एडिटिंग कंट्रोल पुन्हा पुन्हा वापरतं. नुसता जोडत गेलात तर दहाव्या ओळीला तोच हँडलर दहादा चालतो. शिवाय तोच कॉम्बो दुसऱ्या कॉलमालाही मिळू शकतो, म्हणून आत शिरल्यावर कॉलम तपासा.

दुसरं, बिलाच्या प्रकाराप्रमाणे कॉम्बोतल्या वस्तू गाळायच्या असतील तर कॉलमच्या यादीवर फिल्टर लावू नका. ती यादी सगळ्या ओळींची मिळून एक असते. गाळून गेलेली वस्तू दुसऱ्या ओळीत असली की ‘कॉम्बोबॉक्ससेलची किंमत वैध नाही’ असा ‘डेटाएरर’चा खोका, आणि ओळी जितक्या तितके खोके. ‘सेलबिगिनएडिट’मध्ये फक्त त्या सेलला गाळलेली यादी द्या, ‘सेलएंडएडिट’मध्ये पुन्हा पूर्ण यादी.

डेटाएररचा रिकामा हँडलर लिहून खोके घालवणारे पुष्कळ. मग चुकीचा डेटा चुपचाप बसतो. निदान एक्सेप्शनचा मजकूर लॉगमध्ये टाका.

गावठाण

हे नुसतं वाचत होतो, पण एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. ओळ डिलीट झाली की डेटाबेसमधून काढायचं म्हणून कुणी ‘रोजरिमूव्ह्ड’ला कोड लावला असेल तर आजच काढा. वरचं बिल बदललं की खालच्या ग्रिडमधून जुन्या बिलाच्या ओळी जातात आणि नव्या येतात. प्रत्येक वेळी रोजरिमूव्ह्ड उठतो. म्हणजे नुसतं बिलांवरून खाली-वर फिरलं तरी डिलीट कमांड सुटत राहतील. माणसाने स्वतः डिलीट दाबल्याचा इव्हेंट ‘यूजरडिलीटिंगरो’ आहे, त्यात रद्दही करता येतं. पाच ओळी निवडून डिलीट दाबलं तर तो पाचदा येतो, तेव्हा ‘नक्की काढू का?’ हा प्रश्न पाचदा विचारला जाणार नाही याची सोय करा.

डिलीट झालेल्या ओळीचा बिलआयडी हवा असेल तर ‘ओरिजिनल’ आवृत्तीतून वाचा. साधं वाचलं तर ‘डिलीट झालेल्या ओळीची माहिती मिळत नाही’ असं एक्सेप्शन.

सायलेन्सर

हेच दुखणं वेबवर, एजी ग्रिडच्या (जावास्क्रिप्टमधलं ग्रिड) मास्टर-डिटेलमध्ये आहे. खालच्या ग्रिडमध्ये सेल बदलला तर मास्टरचा ‘ऑनसेलव्हॅल्यूचेंज्ड’ उठतच नाही. का?

गावठाण

कारण डिटेल हे पूर्णपणे वेगळं ग्रिड आहे, त्याचे इव्हेंट मास्टरकडे चढून येत नाहीत. हँडलर ‘डिटेलग्रिडऑप्शन्स’मध्ये लिहा. ओळ मिटली की डिटेल ग्रिड नष्ट होतं, त्यासोबत त्यातली अर्धवट अवस्थाही. जपायची असेल तर ‘कीपडिटेलरोज’ ट्रू करा. मुळात १० ग्रिड जपली जातात, जास्त हवी तर ‘कीपडिटेलरोजकाउंट’.

आणि बेरीज मास्टरमध्ये लिहिली की डिटेल पुन्हा भरण्याचा प्रकार तिथेही आहे. ‘रिफ्रेशस्ट्रॅटेजी’ मुळात ‘रोज’ असते, मास्टरची ओळ बदलली की ‘गेटडिटेलरोडेटा’ पुन्हा बोलावलं जातं. बेरीज डिटेलमधूनच येत असेल तर ती ‘नथिंग’ करा. ‘एव्हरीथिंग’ ठेवलीत तर डिटेल ग्रिड मोडून नवं बांधलं जाईल. ‘गेटरोआयडी’ दोन्ही पातळ्यांवर द्या.

बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे विनफॉर्म्स चाललंय.

निळीशाई

पाचही सुटले. बेरीज लेबलात नेली, टेबलाच्या इव्हेंटवर. उरलेली दोन टोकं: रिफ्रेश दाबलं की वरचं ग्रिड पहिल्या बिलावर उडी मारतं. आणि खालच्या ओळीत नग रिकामा असेल तर ‘रोव्हॅलिडेटिंग’मध्ये रद्द करतो, मग फॉर्म बंदच होत नाही.

कोकणमेवा

उडी: टेबलअ‍ॅडॅप्टरचं ‘क्लिअरबिफोरफिल’ मुळात ट्रू असतं, म्हणजे टेबल रिकामं करून भरतो आणि जागा जाते. फॉल्स केलंत तर प्रायमरी कीवरून त्याच ओळी ताज्या होतात आणि जागा टिकते. पण दुसऱ्याने डेटाबेसमधून काढलेली बिलं तुमच्याकडे राहतात आणि तुमचे सेव्ह न केलेले बदल झाकले जाऊ शकतात, म्हणून आधी सेव्ह.

रिकामं करूनच भरायचं असेल तर: चालू बिलआयडी बाजूला ठेवा. दोन्ही सोर्सचं ‘रेझलिस्टचेंज्डइव्हेंट्स’ फॉल्स. आधी वस्तू क्लिअर, मग बिलं. उलट केलंत तर कन्स्ट्रेंट अडवतो. भरताना आधी बिलं, मग वस्तू. मग रेझलिस्ट ट्रू, वरच्यावर ‘रीसेटबाइंडिंग्ज’, आणि ‘फाइंड’ने बिलआयडी शोधून पोझिशन द्या. फाइंडने -१ दिलं तर ते बिल गेलं, पहिल्या ओळीवर राहा. पुढेमागे डेटासेट सोडून बाइंडिंगलिस्टवर गेलात तर फाइंड नॉटसपोर्टेड देईल, तिथे लूप लिहावा लागतो.

रेझलिस्ट ट्रू करणं फायनलीमध्ये ठेवा. फिल मधेच फुटलं तर ग्रिड कायमचं मुकं होतं.

जुनाखिळा

बंद न होणं: रोव्हॅलिडेटिंगच्या सुरुवातीला ‘इजकरंटरोडर्टी’ तपासा, नसेल तर परत. त्यामुळे नुसतं रिकाम्या नव्या ओळीवर उभं राहिल्याने अडणार नाही. रद्द करताना ओळीच्या ‘एररटेक्स्ट’मध्ये कारण लिहा, नाहीतर माणसाला कळतच नाही की फोकस का हलत नाही. एस्केप दोनदा दाबलं की सुटतं, एकदा सेलसाठी, एकदा ओळीसाठी. पण हे कुणाला माहीत नसतं.

‘फॉर्मक्लोजिंग’ येतो तेव्हा व्हॅलिडेशन फसलेलं असेल तर ‘कॅन्सल’ आधीच ट्रू असतो. तिथे विचारा, ‘बदल टाकून बंद करू?’ हो म्हटलं तर खालच्यावर ‘कॅन्सलएडिट’, वरच्यावर कॅन्सलएडिट, आणि कॅन्सल फॉल्स.

तिरपीरेघ

पुढच्या वेळेसाठी तपासायची रीत: फोकसच्या इव्हेंटमध्ये ब्रेकपॉइंट लावू नका, व्हिज्युअल स्टुडिओ पुढे आला की फोकसच बदलतो आणि क्रम खोटा दिसतो. ब्रेकपॉइंटच्या ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये नुसता मजकूर छापायला लावा, थांबायचं नाही. छापायचं एवढंच: इव्हेंटचं नाव, आर्ग्युमेंटमधला रोइंडेक्स, करंटरोचा इंडेक्स, दोन्ही बाइंडिंगसोर्सची पोझिशन, खालच्याचा काउंट. एक क्लिक करून आउटपुट खिडकीतल्या ओळी वाचल्या की पोझिशन आणि रोइंडेक्स कुठे फुटतात ते दिसतं.

शून्यापासून

वस्तू डेटासेटमध्ये सगळ्या आणून ठेवणं परवडत नसेल, लाखो ओळी असतील, तर ही रिलेशनवाली जोडणी कशी चालवायची?

तिरपीरेघ

तेव्हा रिलेशन सोडा आणि वरच्या करंटचेंज्डवर त्या बिलापुरत्या वस्तू मागवा. पण थेट नाही. खालचा बाण दाबून धरला तर प्रत्येक ओळीला एक क्वेरी सुटेल. फॉर्मवर विंडोज फॉर्म्सचा टायमर ठेवा, इंटरव्हल २५० मिलिसेकंद. करंटचेंज्डमध्ये टायमर थांबवा आणि पुन्हा सुरू करा. टिकमध्ये थांबवा आणि तेव्हाच मागवा.

असिंक मागवत असाल तर बिल ४ चं उत्तर बिल ७ च्या नंतर येऊ शकतं. मागवताना बिलआयडी धरून ठेवा, उत्तर आल्यावर चालू बिलआयडीशी ताडा, जुळला नाही तर टाकून द्या. जुनी क्वेरी कॅन्सलेशनटोकनने रद्द करा, पण ताडणं सोडू नका. रद्द व्हायच्या आत उत्तर येऊन पोहोचलेलं असू शकतं. आणि बिल बदलण्याआधी खालच्या ग्रिडमधले न सेव्ह झालेले बदल आहेत का ते बघा, कारण इथे जुन्या ओळी सांभाळायला डेटासेट नाही.